गणिताचा पाठ कोण घेणार?

बारावी आर्ट्स करून डी.एड.ला आलेल्या कुणालाही गणिताबद्दल विचारा (प्राथमिक शिक्षक व्हायचा दोन वर्षांचा कोर्स, कागदावर आता त्याचं नाव डी.एल.एड. आहे, पण बोलताना सगळे डी.एड.च म्हणतात), उत्तर जवळपास ठरलेलं असतं, दहावीचा पेपर दिला आणि वह्या रद्दीत घातल्या. माझंही तेच. आता गंमत बघा, दहावीनंतर गणिताकडे ज्यांनी वळूनही बघितलं नाही अशी आम्ही सगळी मंडळी दोन वर्षांनी जाणार कुठं, तर पहिली ते पाचवीच्या वर्गावर, आणि तिथं गणिताला वेगळे सर नसतात, मराठी, इंग्रजी, परिसर, गणित, परिपाठ, खेळ सगळं एकाच बाईनं ओढायचं असतं. डी.एड.चा प्रवेश बारावीच्या टक्क्यांवर मिळतो, शाखा कुठलीही चालते, दहावीला गणितात किती होते हे कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर आमचा निम्मा वर्ग गेटवरूनच परत गेला असता.

मी सोलापूर जिल्ह्यातली. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण सांगायचंय ते एकट्या त्या कॉलेजबद्दल नाही, इतर जिल्ह्यांतल्या मैत्रिणीही अगदी हेच सांगतात.

आधी एक गोष्ट सांगते, नाहीतर लोक म्हणतात तुम्हाला गणित येत नव्हतं म्हणून भीती वाटत होती, त्यात काय एवढं. होस्टेलवर माझ्या रूममधल्या एका मुलीला दहावीला गणितात ऐंशीच्या वर मार्क होते आणि वर्गात सगळ्यात जास्त घाबरणारी तीच होती. एकटी बसली की भराभर सोडवायची, पण मागं कुणी येऊन उभं राहिलं की सत्तावीस अधिक पस्तीस सुद्धा अडायचं, पेन नुसतं कागदावर टेकवून बसायची. मेसचा महिन्याचा हिशोब तिच्याकडे होता, पैशापैशाचा बरोबर असायचा, फक्त तो ती रात्री सगळे झोपल्यावर करायची. मला तेव्हा हा तिचा स्वभाव वाटायचा. नंतर वाचनात आलं की गणिताची भीती मोजायची एक प्रश्नावली १९७२ साली रिचर्डसन आणि सुइन या दोघांनी तयार केलेली, ९८ प्रश्नांची, आणि त्यात गणितं सोडवायला दिलेलीच नाहीत, अमुक प्रसंगात तुम्हाला किती घाबरल्यासारखं होतं एवढंच विचारलंय. त्यातला एक प्रसंग म्हणजे तुम्ही आकड्यांची बेरीज करताय आणि कुणीतरी बघतंय. मी ते वाचून तिला दाखवलं तर ती म्हणाली, "अगं हे माझ्याबद्दलच लिहिलंय की."

म्हणजे येणं न येणं हा एक भाग झाला. घड्याळ लावलंय आणि कुणीतरी बघतंय, हा दुसरा. आणि शिक्षक व्हायचं म्हणजे आयुष्यभर कुणीतरी बघत असतानाच गणित करायचं, चाळीस डोळे समोर आणि मागच्या बाकावर निरीक्षण वही घेतलेले सर.

ही भीती येते कुठून ते वेगळं सांगायला नको, फळ्यासमोर उभं करून पाढे विचारणं, चुकलं की सगळा वर्ग हसणं, "पोरींना कशाला पाहिजे एवढं गणित", हे सगळ्यांच्या वाट्याला थोडंफार आलेलं असतं. माझ्याही आलंय, त्यात नवीन काही नाही.

पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापन सुरू झालं, म्हणजे पाच-सहा मिनिटांचा छोटा पाठ, समोर आपलेच वर्गमित्र विद्यार्थी बनून बसतात. प्रत्येक विषयाचे पाठ घ्यावेच लागतात. सरांनी विचारलं, "गणिताचा पाठ कोण घेणार?" की सगळे खाली माना घालून वहीत काहीतरी शोधायला लागायचे. मराठीच्या कवितेला मात्र हातावर हात. शेवटी हजेरी नंबरनं पाठ लागायचे आणि मग खरी हुशारी घटक निवडताना दिसायची. भागाकार कुणी घेत नाही, अपूर्णांकाचं तर नावच नको, सगळ्यांना पाहिजे भौमितिक आकार. पुठ्ठ्याचा त्रिकोण, पुठ्ठ्याचा चौकोन, बांगडीचं वर्तुळ, घोटीव कागद लावून झक्कास चार्ट, "मुलांनो, ही बांगडी कोणत्या आकाराची आहे?" "गोऽऽल!" संपला पाठ. निरीक्षणाला बसणाऱ्या मॅडम एकदा वैतागून म्हणाल्या, "या वर्षी मी अजून किती त्रिकोण बघायचेत तेवढं सांगा." आकार संपले की नाणी-नोटा आणि घड्याळ. ही तिन्ही कायम हाऊसफुल.

चार्टचं मला फार वाटतं. ज्या पोरीला गणिताची जास्त भीती, तिचं शैक्षणिक साहित्य जास्त देखणं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की नंतर नंतर एखादा फार सुंदर चार्ट दिसला की मला त्या मुलीची काळजीच वाटायची. रात्र रात्र जागून थर्माकोल कापायचा, कडेला लेस लावायची, आणि हातचा शतकस्थानावर जाताना नक्की काय होतं या प्रश्नाला हातसुद्धा लावायचा नाही. मार्क चार्टला मिळतात ना, मग झालं.

दुसरी लपायची जागा म्हणजे पाठ टाचण. ज्यांनी लिहिलंय त्यांना माहितीये, पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन वगैरे झालं की पान उभं दुभागायचं, एका रकान्यात शिक्षक कृती आणि दुसऱ्यात विद्यार्थी कृती. म्हणजे मुलं काय उत्तर देणार ते पण आपणच आदल्या रात्री लिहून ठेवायचं! मराठीच्या पाठाला हे चालून जातं, मुलानं वेगळं काही सांगितलं तर "छान, अजून कोण सांगेल" म्हणून पुढं जाता येतं. गणितात मूल त्या रकान्यात नसलेलं काहीतरी बोललं की पायाखालची जमीन सरकते. आमची सगळी भीती त्या वेगळ्या उत्तराची होती, आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात त्या वेगळ्या उत्तराची तयारी कुणी करून घेतली नाही. पेपरात ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाच्या शिकण्याच्या तीन पायऱ्या लिहिल्या, आधी प्रत्यक्ष वस्तू हाताळणं, मग चित्र, मग चिन्हं, पैकीच्या पैकी मार्क पडले, आणि तोवर आमच्यापैकी एकीनंही काड्यांचा एक गठ्ठा सोडून बघितलेला नव्हता. ब्रूनर आला असता तर हसला असता का रडला असता कुणास ठाऊक.

मग आंतरवासिता लागली, म्हणजे शाळेवर इंटर्नशिप. मला आणि माझ्या जोडीदारणीला सांगोल्याच्या बाजूची एक दोन-शिक्षकी झेडपी शाळा मिळाली. एकीनं पाठ घ्यायचा, दुसरीनं मागं बसून निरीक्षण लिहायचं. तिसरीचा वर्ग, तीन अंकी वजाबाकी, पाठ तिचा होता. फळ्यावर ३०२ वजा १४७. ती नियमाप्रमाणं चालली, दोनातून सात जात नाहीत, शेजारून उसना घ्यायचा, शेजारी शून्य आहे, म्हणून त्याच्या शेजारून घ्यायचा, तीनाचे दोन होतात, शून्याचे नऊ होतात, दोनाचे बारा होतात. पहिल्या बाकावरचा एक पोरगा उठला, "बाई, मधल्याकडं कायच न्हाई. मग नऊ आलं कुठनं? आन् नऊच का, धा का न्हाई?"

तिच्या टाचणातल्या विद्यार्थी कृतीच्या रकान्यात हे नव्हतं. तिनं सांगितलं तो नियम आहे, तसंच असतं, आणि पुढचं उदाहरण फळ्यावर लिहिलं. पोरगा बसला. मी मागं बसून निरीक्षण वहीत "आवाजाची पातळी योग्य" असं लिहीत होते. तिला दोष द्यायचा म्हणून हे सांगत नाहीये, तिच्या जागी आमच्यातली कुणीही असती तरी हेच झालं असतं. आम्हाला ते नऊ कुठून येतात हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं, आम्ही सुद्धा तिसरीत "तसंच असतं" ऐकून बसलेली पोरंच होतो की.

त्या शाळेचे गुरुजी वर्गाच्या दाराशी उभे राहून ऐकत होते. आम्हाला काही बोलले नाहीत, मधल्या सुट्टीनंतर त्याच पोराला बोलावून कपाटातून काड्यांचा डबा काढला. दहा-दहाच्या मोळ्या रबरानं बांधलेल्या, अशा दहा मोळ्या मिळून शंभराचा मोठा गठ्ठा. तीन मोठे गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या त्याच्यापुढं ठेवल्या आणि म्हणाले, "मला सात सुट्ट्या काड्या दे." त्यानं बघितलं, सुट्ट्या दोनच. मोठा गठ्ठा सोडला, दहा मोळ्या झाल्या. तरी सुट्ट्या नाहीतच. मग त्यातली एक मोळी सोडली. आता सुट्ट्या बारा. गुरुजी म्हणाले, "मोळ्या किती राहिल्या?" पोरानं मोजल्या, नऊ, आणि एकदम ओरडला, "धाच हुत्या की! एक म्या सोडली!"

एवढंच. तीन-चार मिनिटं लागली असतील. मी आणि ती दोघी बाजूला उभ्या होतो आणि ती मला हळूच म्हणाली, "मला आत्ता कळलं गं." मला पण तेव्हाच कळलं होतं. विसाव्या वर्षी. गुरुजींनी वर आणखी सांगितलं की काड्या नसल्या तर नोटा घ्या, या पोरांना शंभराची नोट सुट्टी करून आणायला रोज दुकानात पाठवतात, त्यांना हे सगळं येतं, फक्त फळ्यावरचं ते आणि दुकानातलं ते एकच आहे हे कुणी दाखवत नाही.

त्याच शाळेत आणखी एक गोष्ट दिसली. पहिली-दुसरीची पोरं सव्वीस म्हटलं की ६२ लिहितात. नीट ऐकलं तर त्यांचं काही चुकत नाही, आपण मराठीत आधी सहा बोलतो मग वीस, लिहितो मात्र आधी दोन मग सहा. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात याच्यासाठीच "वीस सहा" अशी जोडीची रीत दिली होती, जुने शब्द होतेच, ही सोबतीला दिलेली, तर केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत विनोद पोचले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर बाई पुन्हा पुन्हा समजावून सांगत होत्या की लहान मुलांना सोपं जावं म्हणून हा पर्याय आहे, पण ऐकतंय कोण. मी तेव्हा शाळेत होते आणि व्हॉट्सअपवरचे ते विनोद आम्हीही फॉरवर्ड केले होते. वर्गावर ६२ लिहिणारी पोरं बघितल्यावर बाईंचं म्हणणं मला पटलं. माझ्या जोडीदारणीला अजून पटत नाही, तिचं म्हणणं पोरं चार महिन्यांत आपोआप शिकतात, कशाला दोन-दोन रिती. असो.

इंटर्नशिपवरून परत आल्यावर आम्ही काहीजणींनी मिळून आमच्या एका मॅडमना सांगितलं की आम्हाला पहिलीपासून गणित परत करायचंय. त्या हसल्या नाहीत हे महत्त्वाचं. कॉलेज सुटल्यावर तासभर साहित्य खोलीत बसायचं ठरलं आणि मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या, इथं घड्याळ लावायचं नाही आणि कुणाला फळ्यापाशी उठवायचं नाही. सगळ्यांनी खाली सतरंजीवर, मध्ये साहित्य, शंभर मण्यांची माळ, काड्या, कागदाच्या पट्ट्या. पहिले काही दिवस नुसती लाज वाटत होती, बारावी झालेल्या पोरी मणी मोजतायत, खिडकीतून ज्युनिअर बघून हसायचे. मग लाज मोडली, आणि ज्युनिअरपैकीच काहीजण आत येऊन बसायला लागले.

तिथला एक दिवस सविस्तर सांगते. मॅडमनी फक्त एवढं लिहिलं, १ ३/४ ÷ १/२. म्हणाल्या, उत्तर नको, मला याची गोष्ट सांगा, शाब्दिक उदाहरण तयार करा. उत्तर आम्हाला सगळ्यांना काढता येत होतं, ते पाठच आहे, मिश्र अपूर्णांकाचा करा सात चतुर्थांश, दुसऱ्याला उलटा करून गुणा, चौदा चतुर्थांश, म्हणजे साडेतीन. गोष्टीला बसलो. एकीनं सांगितली, "आईनं पावणेदोन भाकऱ्या दोन मुलांत सारख्या वाटल्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरीची पण तसलीच, पावणेदोन मीटर कापडाचे दोन तुकडे. मॅडम म्हणाल्या, बरं, प्रत्येक मुलाला भाकरी किती मिळाली? एकीहून कमी. आणि तुमचं उत्तर किती आलंय? साडेतीन. पावणेदोन भाकऱ्या वाटल्यावर एकेकाला साडेतीन भाकऱ्या कशा येतील?

खोलीत सगळे गप्प. आम्ही सगळ्यांनी "अर्ध्यानं भागणे" ला "दोन भाग करणे" धरलं होतं, दोनानं भागलं होतं, आणि एकीलाही शंका आली नव्हती. बऱ्याच वेळानं एक मुलगी, जिच्या घरी म्हशी आहेत, ती म्हणाली, "पावणेदोन लिटर दूध आहे, अर्ध्या लिटरच्या पिशव्या भरायच्या, किती भरतील?" हां! आता बसलं. पण तिथंही भांडण झालं, कारण तीन पिशव्या भरल्या, दीड लिटर गेलं, उरलं पाव लिटर, मग उत्तर सव्वातीन यायला पाहिजे, साडेतीन कसं आलं? अर्धा तास वाद. कागदाच्या पट्ट्या घडी घालून घालून बघितल्या. शेवटी तिलाच सुचलं, पाव लिटर आहे ते लिटरच्या मापात, आपण मोजतोय पिशव्या, आणि पाव लिटरनं अर्धी पिशवी भरते, म्हणून साडेतीन पिशव्या. मला तो क्षण अजून लक्षात आहे कारण माझ्या रूममधली ती ऐंशी मार्कवाली, जी कुणासमोर तोंड उघडायची नाही, ती या वादात मोठमोठ्यानं भांडत होती आणि तिच्या हातात पेन नव्हतंच.

मॅडमनी नंतर सांगितलं की हे उदाहरण त्यांचं नाही. लिपिंग मा नावाच्या संशोधक बाईंनी अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांना हेच दिलं होतं, १९९९ मध्ये तो अभ्यास पुस्तकरूपात आला. अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त शिक्षकांना उत्तर सुद्धा नीट काढता आलं नाही आणि बरोबर गोष्ट फक्त एकाला जमली, चीनमधल्या ७२ च्या ७२ शिक्षकांचं उत्तर बरोबर. त्या चिनी शिक्षकांकडे फार मोठ्या डिग्र्या होत्या असंही नाही, ते शाळेचंच गणित खोलवर करत राहिलेले होते. हे ऐकून आमच्यातल्या काहीजणींना बरं वाटलं (चला, अमेरिकेतही आपल्यासारखेच आहेत), मला उलट रागच आला, म्हणजे हे इतकी वर्षं माहितीये तर आमच्या अभ्यासक्रमात हे आधी का नाही आणि पुठ्ठ्याचे त्रिकोण आधी का?

भीती वाटते तेव्हा डोक्यात काय होतं ते पण मॅडमनी सांगितलं, आणि ते मला फार उपयोगी पडलं. हिशोब करताना मधले आकडे धरून ठेवायला डोक्यात एक छोटीशी पाटी असते म्हणा, चारपाच गोष्टी मावतील एवढीच. "मला येणार नाही, सगळे बघतायत, सर काय म्हणतील" हे त्याच पाटीवर लिहिलं जातं, मग आकड्यांना जागा उरत नाही. म्हणून माझ्या मैत्रिणीला रात्री मेसचा हिशोब येतो आणि दिवसा सत्तावीस अधिक पस्तीस येत नाही. तिला गणित येत होतंच, पाटी भरलेली असायची. परीक्षेच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढली तर घाबरणाऱ्या मुलांचे मार्क सुधारले असाही एक प्रयोग आहे, रामिरेझ आणि बायलॉक यांचा, २०११ चा. आम्ही करून बघितला. मला फरक पडला, तिला नाही पडला, ती म्हणाली लिहून काढल्यावर जास्तच आठवायला लागलं.

याच बायलॉक बाईंचा २०१० चा एक अभ्यास मात्र मला टोचत राहिला. अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिका आणि त्यांच्या वर्गातली मुलं. वर्षाच्या सुरुवातीला शिक्षिकेच्या भीतीचा आणि मुलांच्या गणिताचा काही संबंध नव्हता. वर्ष संपताना ज्या बाईंना गणिताची जास्त भीती, त्यांच्या वर्गातल्या मुली "गणित मुलांचं, वाचन मुलींचं" असं जास्त मानायला लागल्या होत्या आणि अशा मुलींचे गणिताचे मार्कही कमी होते. मुलग्यांवर तसा परिणाम दिसला नाही. आता १७ शिक्षिका म्हणजे काही फार मोठा आकडा नाही आणि अमेरिकेतलं जसंच्या तसं सांगोल्याला लागू होईल असं मी म्हणत नाही. पण मी आता दुसरीच्या वर्गावर आहे (खासगी शाळा, पगार विचारू नका), गणिताच्या तासाला माझा आवाज बदलतो हे मला माहितीये, आणि पहिल्या बाकावर पोरी बसतात.

भीती गेली का म्हणाल तर नाही गेली. वागण्यात काय बदललं ते सांगते. एखाद्या पोरानं रकान्यात नसलेलं उत्तर दिलं की पूर्वी मला ते उत्तर लवकर मिटवायचं असायचं, आता मी ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते आणि म्हणते उद्या बघू. निम्म्या वेळा उद्यापर्यंत पोरंच कारण शोधून आणतात. आणि मी वर्गात गणिताला घड्याळ लावत नाही. आमच्या हेडमॅडमना ते आवडत नाही, त्यांना "मिनिटात वीस बेरजा" पाहिजेत कारण पालकांना तो व्हिडिओ पाठवता येतो.

आता घड्याळावरून टीईटीकडे, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेकडे येते. पेपर एकला (पहिली ते पाचवीला शिकवणाऱ्यांचा) १५० प्रश्न, १५० मिनिटं, त्यातले ३० गणिताचे, पास व्हायला खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० मार्क. आमच्याकडे सीनिअरकडून ज्युनिअरकडे पिढ्यान्‌पिढ्या आलेला मंत्र म्हणजे "गणित सोडून द्यायचं, उरलेल्या १२० मधून ९० काढायचे." आणि निघतात! म्हणजे शिक्षकाची पात्रता ठरवणारी परीक्षा गणिताला हात न लावता पास होता येते, आणि पास होऊन तीच व्यक्ती उद्या तिसरीला वजाबाकी शिकवते. मी गणित सोडलं नाही, मला तीसपैकी सतरा पडले, पास झाले. नंतर २०२५ ला टेट दिली, म्हणजे शिक्षक भरतीसाठीची वेगळी अभियोग्यता चाचणी, २०० प्रश्न आणि १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. सतरंजीवर आम्ही एका उदाहरणाला संध्याकाळ घालवत होतो आणि नोकरी कुणाला द्यायची ते ३६ सेकंदांत ठरणार. ज्या दोन गोष्टींनी भीती वाढते, घड्याळ आणि कुणीतरी मोजतंय, नेमक्या त्याच गोष्टींवर शिक्षक निवडायचे, आणि वर शाळेत जाऊन मुलांना गणित आनंददायी पद्धतीनं शिकवा म्हणायचं. हे मला कुणीतरी नीट समजावून सांगा.

१ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, ज्यांच्या नोकरीची पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलीत अशा सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला लागेल. तेव्हापासून आमच्या सतरंजीवर (आता ती माझ्या घराच्या गच्चीवर आलीये, रविवारी) नवीनच मंडळी यायला लागली. आमच्या भागातल्या एक झेडपीच्या बाई, वीस वर्षांच्या वर नोकरी, पहिलीच्या पोरांना संख्या अशा शिकवतात की बघत बसावं. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं इंजिनिअर झालीत. आणि त्या लसावि-मसावि म्हटलं की पदर कपाळाला लावतात. माझ्या आईच्या वयाच्या, मला "मॅडम" म्हणतात, मी कितीदा सांगितलं बाई, नावानं हाक मारा, ऐकत नाहीत.

पहिल्या रविवारी आम्ही त्यांना दुधाच्या पिशव्यांचं उदाहरण दिलं तर त्यांनी आमच्याआधी सांगितलं, साडेतीन, आणि वर म्हणाल्या, "यात काय आहे, डेअरीत रोजचंच आहे." मग त्यांनी मला सरळ विचारलं, "हे सगळं समजून घेणं चांगलंय मॅडम, पण तिथं मिनिटाला एक प्रश्न आहे, त्याचं काय करायचं ते सांगा."

मी सांगितलं ते असं. तीन फेऱ्या करायच्या. पहिल्या फेरीत बघताक्षणी येतं तेवढंच सोडवायचं, बाकीच्याकडे थांबायचं नाही. दुसऱ्या फेरीत कच्चं लिहून होण्यासारखी, शेकडेवारी, वेळ, परिमिती असली. लसावि-मसाविच्या शाब्दिक उदाहरणांना तिसरी फेरी. गणितशास्त्रापेक्षा शिकवण्यावर जे प्रश्न येतात, मूल असं का चुकलं वगैरे, ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त येतात, ते आधी उचला. निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही गोल कोरा ठेवायचा नाही. आणि छातीत धडधडलं तर पेन खाली ठेवून पाणी प्या, मिनिट गेलं तर गेलं.

२३ नोव्हेंबरला त्यांचा पेपर झाला. संध्याकाळी फोन आला, म्हणाल्या गणिताची पहिली फेरी बरी गेली, दुसरी निम्मी झाली, तिसरीला वेळच उरला नाही, मग राहिलेल्या सगळ्यांना दोन नंबरचा गोल काळा करून आले.